उजवी भिंत

सिंक कुठे बसवायचं, एवढाच प्रश्न होता. तोलेगेन म्हणत होता डाव्या भिंतीला आणि कामशात म्हणत होती उजव्या. यात भांडण्यासारखं काय आहे असं कुणालाही वाटेल, पण त्या दोघांनी अख्खा सप्टेंबर यावरून एकमेकांचं डोकं खाल्लं.

तसं बघितलं तर कामशातचं म्हणणं बिनतोड होतं. सांडपाण्याचा उभा पाइप उजव्या कोपऱ्यात होता. वरच्या तीन मजल्यांची खरकटी त्याच्यातून खाली यायची आणि तळमजल्यावरच्या त्यांच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून जमिनीत जायची. सिंक त्याच्या शेजारी ठेवलं की हातभर पाइपात काम भागतं. कझाक मुलखातल्या कारागांडाच्या खाणवस्तीत असल्या शेकडो इमारती आहेत आणि सगळ्यांत सिंक तिथंच आहे. ज्यांनी बांधल्या त्यांना काही अक्कल असेलच की.

"ओतागासी," ती म्हणाली. चुलीचा धनी, या अर्थानं ती नवऱ्याला अशी हाक मारायची; रागात असली तरी हीच आणि लाडात असली तरी हीच. "डावीकडे सिंक नेलंत तर पाइप कुठून आणणार?"

"खिडकीखालून. समोरच्या भिंतीनं, चार मीटर."

"चार मीटर! आणि उतार?"

"मीटरला तीन सेंटीमीटर. म्हणजे पलीकडचं टोक बारा सेंटीमीटर वर उचलायचं. सिंक तेवढं उंच बसेल, एवढंच." तोलेगेननं आयुष्यभर खाणीतलं पाणी पंपानं बाहेर काढलं होतं. पाणी कुठून कुठे कसं न्यायचं हे त्याला विचारायची गरज नव्हती.

"एवढंच? मी आधीच बुटकी. आता भांडी घासायला स्टुलावर चढू? माझा काय सत्कार आहे?"

"पायाखाली फळी ठोकून देतो."

"आणि चरबीचं काय? जानेवारीत त्या खिडकीखाली हात लावून बघा कधी. मेंढीची चरबी अर्ध्या वाटेवर दगड होऊन बसेल. मी खाणीच्या कॅंटीनमध्ये बावीस वर्षं भांडी उपसलीत, मला शिकवू नका."

"गरम पाणी ओत."

"ओतते ना. आधी तुमच्या डोक्यावर ओतते."

तो हसला, आणि हसता हसता त्याला खोकला लागला. तो खोकला असा होता की मध्येच थांबून भिंतीला हात लावून उभं राहावं लागायचं. तिनं पाण्याचा पियाला पुढे केला. दोन घोट पिऊन त्यानं तोंड पुसलं आणि उजव्या भिंतीकडे बघत शांतपणे म्हणाला, "ती भिंत मोकळी हवी, कामशात."

ती का मोकळी हवी हे तिला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर ती भांडत होती.

त्यांच्यात माणूस गेला की नेईपर्यंत त्याला घराच्या उजव्या अंगाला ठेवतात. दारातून आत शिरलं की उजवीकडे, पडद्यामागे. गवताळ रानात लोकरीच्या नमद्याचे तंबू ठोकून राहणाऱ्या आज्या-पणज्यांना तसंच ठेवलं आणि सिमेंटच्या खुराड्यात राहायला आलेल्यांनाही तसंच ठेवतात. पण या खुराड्यांचं दुखणं असं की एकच खोली, तिच्याकडे जायला अरुंद बोळ, आणि बोळाला काटकोनात वळण. दोन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरचा कैरबेक गेला. त्याचं घर हुबेहूब असंच. गालिच्यात गुंडाळलेला कैरबेक त्या वळणावर अडकला. इकडून रेटला, तिकडून ओढला, काही जमेना. शेवटी कपाट नेतात तसा त्याला उभा केला आणि उभ्या उभ्याच बाहेर काढला. दाराच्या चौकटीवर त्याचं डोकं आपटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला आणि न ऐकल्यासारखं केलं. पायाकडची बाजू तोलेगेननं धरली होती. त्या दिवशी घरी आल्यावर तो समोर चहा ठेवून बसला आणि चहाचं पार पाणी झालं तरी त्यानं पियाल्याला हात लावला नाही.

पुढच्या वसंतात डॉक्टरनं त्याच्या छातीचा फोटो उजेडावर धरून दाखवला. दोन्ही फुप्फुसांत कोळशाची धूळ. बरं होण्यातलं नव्हतं ते. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच खूळ शिरलं: स्वयंपाकघर आणि खोली यांच्यामधली भिंत पाडायची. स्वयंपाकघर दारासमोरच होतं, वळण नव्हतं. मधली भिंत गेली की घर म्हणजे एकच मोठी खोली, आणि तिच्या उजव्या बाजूपासून बाहेरच्या दारापर्यंत सरळ वाट.

लेक दामेली तर खूश झाली. बाबांना नव्या फॅशनचं घर हवंय म्हणून तिनं राजधानीहून कपाटांचे फोटो पाठवले, फिकट हिरवे, पांढरे. कामशातही खूश होती, खोटं कशाला बोला. भिंती पाडणारा माणूस काही मरायला बसलेला नसतो, असं तिला वाटलं. ऑगस्टात भिंत पडली, घरभर चुन्याची धूळ झाली, तिनं गाणं गुणगुणत ती पुसली. आणि मग सिंक डावीकडे जाणार असं तोलेगेन म्हणाला तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा बाबा राहायला घर बांधत नव्हता.

आता कामशात कशी बाई होती ते सांगायला हवं. हट्टी. जिच्याशी वाद घालून खाणीचा मॅनेजरसुद्धा सूप पिऊन मुकाट निघून जायचा, अशी हट्टी. तिनं मनाशी साधा हिशेब मांडला: जागाच ठेवली नाही तर येऊन झोपणार कोण? उजव्या भिंतीला सिंक, सिंकखाली कपाट, कपाटाशेजारी चूल. सगळं भरून टाकायचं. मरणाला दार उघडून सतरंजी अंथरून द्यायला ती काही येडी नव्हती.

एके दिवशी सकाळी तोलेगेननं पातळी मापायची पाणसळीची नळी काढली. पारदर्शक, लांब, आत पाणी भरलेली. खाणीतून निवृत्त होताना आणलेली. एक टोक त्यानं उजव्या कोपऱ्यात उभ्या पाइपाशी धरलं.

"दुसरं टोक धर."

"मी नाही धरणार."

"मग मी इथंच उभा राहतो." आणि तो खरंच उभा राहिला, धापा टाकत. आजारी माणसाला किती वेळ उभं ठेवणार? तिनं पाय आपटत जाऊन टोक धरलं.

"वर. आणखी वर. अगं, पाणी सांडतेस."

"माझ्या बाहीत सांडतंय, तुमचं काय जातंय."

"आता खाली, बोटभर. बास, हलू नको."

ती हलली नाही. खोलीच्या दोन टोकांना दोघं, मध्ये लोंबणारी नळी, आणि दोन्हीकडचं पाणी एका रेषेत येऊन थांबलेलं. कोपरापर्यंत बाही भिजली होती आणि तिला उगाच हसू आलं. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं या घरात आली तेव्हा त्यांनी असंच मापून फळ्या ठोकल्या होत्या. तोलेगेननं निळ्या खडूनं भिंतीवर खुणा केल्या, दर खुणेनंतर खुर्चीवर बसून श्वास घेतला, आणि शेवटी डाव्या भिंतीपासून उजव्या कोपऱ्यापर्यंत उतरत येणारी निळी रेघ ओढली. रेघ अगदी सरळ होती.

खडू खिशात टाकून तो म्हणाला, "मला सरळ जायचंय, कामशात. आडवा, माणसासारखा. माझ्या घराच्या उजवीकडून. दुसरं काही मी मागत नाही."

"अपशकुनी बोलू नका," ती म्हणाली आणि डाव्या खांद्यावरून मागे तीनदा थुंकली. "थू, थू, थू."

"थुंकून काय होतंय."

"होतं. गप्प बसा."

नोव्हेंबरात थंडी उतरली आणि त्याचा श्वास आखडला. त्याला दवाखान्यात नेलं. नळीतून हवा, शिरेतून औषध. याकोव प्लंबरला आधीच सांगून ठेवलं होतं. तो ठरल्या दिवशी पाइप खांद्यावर टाकून दारात हजर. युद्धाच्या काळी या वस्तीत आणून टाकलेल्या जर्मनांची बहुतेक घरं आपल्या मुलखात निघून गेली, याकोव तेवढा राहिला. कझाक बायकांच्या हातचा चहा पिऊन पिऊन तोही अर्धा त्यांच्यातलाच झाला होता.

तो आत आला तेव्हा कामशात ओलं फडकं घेऊन भिंत पुसत होती. निळी रेघ अर्धी गेली होती.

"आपाय, हे काय? तोलेगेन-अगायनी मला रेघेबरहुकूम करायला सांगितलंय." वडीलधाऱ्या बाईला आपाय आणि पुरुषाला अगाय म्हणायचं, हे तो त्यांच्याकडूनच शिकला होता.

"अगाय दवाखान्यात आहेत. घरात मी आहे. सिंक उजवीकडे."

"पण त्यांनी बजावून सांगितलंय..."

"याकोव, खिडकीखालून पाइप नेला तर चरबी गोठेल की नाही? खरं सांग."

याकोवनं डोकं खाजवलं. "गोठेल."

"मग झालं तर. चहा घेतोस का आधी, का काम करून घेतोस?"

संध्याकाळपर्यंत सिंक बसलं. खाली पांढरं कपाट, दामेलीनं पाठवलेल्या फोटोतल्यासारखं. पाइप हातभर, पाणी सोडलं की क्षणात गुडूप. कामशातनं उगाचच तीनचार पियाले धुतले. काम चोख झालं होतं, पण मनाला बरं वाटेना. उरलेली अर्धी रेघ तिनं साबणानं घासून काढली, आणि भिंत कोरडी झाल्यावर पुन्हा एकदा घासली.

तोलेगेन घरी आला डिसेंबरात. डॉक्टर म्हणाले होते, घरीच बरं वाटेल. याचा अर्थ दोघांनाही कळत होता. दामेली त्याला धरून दारातून आत घेऊन आली. तो उंबऱ्याशी थांबला. समोर मोठी खोली, खिडकीतून बर्फाचा उजेड, आणि उजवीकडे सिंक.

तो ओरडेल, शिव्या घालेल, निदान तोंड फिरवेल, असं कामशातला वाटलं. सगळ्याला तिनं उत्तरं तयार ठेवली होती. तो हळूहळू चालत सिंकपाशी गेला. नळ सोडला. हात धुतले, बोटं एकेक करून, नीट. पाणी जाताना बघत राहिला.

"छान जातंय पाणी," तो म्हणाला.

बास. एवढंच. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. डावीकडे, खिडकीपाशी त्याचा पलंग होता. तिथून तो उजव्या भिंतीकडे बघत पडायचा. कामशात सिंकपाशी उभी असली की तिला पाठीवर ती नजर कळायची. दर शुक्रवारी गेलेल्यांच्या नावानं ती तेलात सात पातळ पोळ्या तळायची, शेल्पेक, आणि कढईतलं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतून वर गरम पाणी सोडायची. पाइप कधी तुंबला नाही.

एकदा तिनंच न राहवून विचारलं, "रागावलायत?"

"नाही गं."

"मग बघता काय असे?"

"मापं घेतोय. त्या कपाटाच्या वरच्या खणात मावेन मी आता. वजन काही उरलेलं नाही. पियाल्यांच्या शेजारी ठेव मला."

तिला हसायचं होतं आणि रडू आलं. तोंड वळवून ती भांडी घासत राहिली. याकोवला बोलवते, सिंक हलवते, असं म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते म्हणणं म्हणजे हो, तुम्ही जाणार, मी जागा करते, असं म्हणणं झालं असतं. तिच्यानं ते झालं नाही. उद्या बोलू, असं तिनं मनात म्हटलं. असे पुष्कळ उद्या तिनं घालवले.

जानेवारीत एका सकाळी त्यानं चहा मागितला. दूध घालून, दाट. तिनं पियाला दिला, त्यानं दोन घोट घेतले, पियाला परत तिच्या हातात दिला. ती तो सिंकमध्ये ठेवायला वळली, सवयीनं धुतला, पालथा घातला, आणि मागे बघितलं तेव्हा तो गेला होता. पलंगावर तसाच, डोळे उजव्या भिंतीकडे.

नळ बंद करायचं तिला भान राहिलं नाही. दामेली येऊन बंद करीपर्यंत पाणी वाहत होतं.

तासाभरात घर भरलं. पुरुष दाराची चौकट धरून "भावा रे" म्हणून हंबरडा फोडत आत येत होते. तोलेगेनचा थोरला भाऊ काठी टेकत आला, रडून झाल्यावर खोलीभर नजर फिरवून म्हणाला, "कामशात, उजवीकडे तर तुझा संसार मांडलाय. डावीकडेच राहू दे त्याला. शहरात हल्ली चालतं, कोण बघतंय."

"नाही," कामशात म्हणाली.

"अगं, नाहीतर अंगणात तंबू ठोकावा लागेल. बाहेर हाडं गोठतायत."

"तंबू नको. डावीकडे नको. ते उजवीकडे राहतील."

कुणी काही बोलायच्या आत ती तोलेगेनची हत्यारांची पेटी घेऊन सिंकखाली शिरली. पुतणे धावले, "काकू, आम्ही करतो." तिनं ऐकलं नाही. विधवा झालेल्या बाईनं त्या दिवशी जागचं हलायचं नसतं, आणि ही कपाटात डोकं घालून पान्यानं पाइप सोडवत होती. बायका रडायच्या थांबून बघत राहिल्या. खालची वाटी सुटली आणि आतलं साचलेलं पाणी तिच्या मांडीवर सांडलं. त्यात चहाची पानं होती. सकाळच्या पियाल्यातली. ती त्या ओल्यात बसूनच राहिली, शेवटी दामेलीनं तिला काखेत हात घालून बाहेर ओढलं.

याकोव आला, पुतण्यांनी सिंक आणि कपाट उचलून जिन्याखाली नेलं. भिंत मोकळी झाली. फक्त कोपऱ्यात जमिनीपासून वीतभर वर, उभ्या पाइपाला जोडलेलं जुनं लोखंडी तोंड उघडं राहिलं. काळं, हाताची मूठ जाईल एवढं. याकोवनं पिशवीतली सगळी बुचं लावून बघितली. एकही बसेना.

"या मापाचं आता मिळत नाही, आपाय. बाजारातून शोधून आणावं लागेल. तोवर काहीतरी कोंबा."

कामशातनं पेटीतून तोलेगेनची खाणीत पायाला गुंडाळायची फडकी काढली, धुऊन घडी करून ठेवलेली. ती त्या तोंडात घट्ट कोंबली. तरी वास येत होता. स्वतःच्याच भांड्यांचा, जुन्या चरबीचा, शुक्रवारच्या तेलाचा वास.

दुपारी आंघोळ घालून, कफन नेसवून तोलेगेनला उजवीकडे ठेवलं. पडदा लावला. बायका रांगेनं बसल्या आणि त्याच्या नावानं शोक गाऊ लागल्या. तो कसा मुलगा होता, कसा बाप होता, जमिनीखाली अंधारात किती वर्षं राबला. कामशातनंही सूर लावला. एक कडवं संपलं, सगळ्यांनी श्वास घेतला, आणि त्या शांततेत पडद्यामागून आवाज आला: घळाघळा, गुडगुड, गुडूप.

वरती कुणीतरी पातेलं उपडं केलं होतं.

एका तरुण सुनेनं रुमालाचं टोक तोंडात कोंबलं. हसू आलं होतं तिला, बिचारीला. कुणालाही आलं असतं. दुसरं कडवं सुरू झालं आणि पुन्हा तेच. आता संध्याकाळच्या स्वयंपाकाची वेळ होत आली होती, तीन घरांतलं खरकटं एकापाठोपाठ एक तोलेगेनच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून जाणार होतं. रात्रभर, उद्या त्याला नेईपर्यंत. हे मी केलं, कामशातच्या मनात आलं. त्यानं एकच मागितलं होतं आणि मी त्याच्या उशाशी मोरी आणून ठेवली. लाजेनं तिला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

ती उठली. नणंदेनं झगा ओढला, "अगं, बस खाली, लोक काय म्हणतील." तिनं झगा सोडवून घेतला आणि जिना चढू लागली. असं कुणी कधी केलेलं नव्हतं. पुढे कित्येक दिवस वस्तीत बायका त्यावर बोलत होत्या.

वरच्या मजल्यावर कैरबेकची विधवा शाइजादा. दार उघडलं तेव्हा तिच्या हातात साबणाचा फेस होता.

"शाइजादा," कामशात म्हणाली. "पाणी... सिंकमध्ये पाणी टाकू नका गं. उद्या त्यांना नेईपर्यंत. खाली ते आहेत ना, पाइपाशी. आवाज येतो."

शाइजादानं हात झग्याला पुसले.

"माझ्या माणसाला उभा नेला," ती म्हणाली. "सगळे इकडे तिकडे बघत होते. तुझा तोलेगेन तेवढा रडत होता. पाय सोडले नाहीत त्यानं." तिनं कामशातच्या डोक्यावरचा रुमाल सरळ केला. "तू खाली जा. तुझी जागा खाली आहे. वरच्या दोन घरी मी सांगते."

त्यानंतर पाइप वाजला नाही. त्या रात्री चार मजल्यांच्या त्या रांगेत कुणी भांडं घासलं नाही, कुणी भाजी धुतली नाही. खाली पाहुण्यांसाठी मेंढी शिजली, तिची खरकटी पातेली पुतण्यांनी बादल्यांतून अंगणात नेली, आणि ओतलेलं पाणी जिथल्या तिथे गोठत गेलं. पडद्याशेजारी बसून कामशात कान देऊन होती. पाइपाच्या तोंडात कोंबलेली फडकी कोरडी होती. तिनं अंधारात हात घालून दोनदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोलेगेनला गालिच्यात गुंडाळला. सहा जणांनी उचलला. उजव्या भिंतीपासून, पाडलेल्या भिंतीच्या जागेवरून, दारातून, आडवा, सरळ. कुठे वळावं लागलं नाही, कुठे काही लागलं नाही. थोरला भाऊ मागे वळून म्हणाला, "वाट चांगली केलीय घराला." पुरुष त्याला घेऊन कबरस्तानात गेले. बायका जात नाहीत, बायका दारापर्यंत.

कामशात परत आत आली. पडदा उतरवला होता. उजवी भिंत मोकळी होती, खाली नुसती जमीन. ती तिथं जाऊन बसली.

पुरुषांच्या गाड्या कोपऱ्यावरून वळल्या असतील, तेवढ्यात वर कुठेतरी नळ सुटला. मग दुसरा. मग तिन्ही घरांतलं, कालपासून अडवून ठेवलेलं पाणी एकदम खाली आलं. उभा पाइप घुमला, भिंत थरथरली. किती भांडी साचली होती त्यांची, किती वेळ त्यांनी कळ काढली होती. फडकी भिजून फुगली आणि कडेनं एक धार सुटून जमिनीवर आली, तोलेगेनला ठेवलं होतं तिथपर्यंत. कामशातनं तळहात त्या तोंडावर दाबून धरला. पाणी कोमट होतं. ती हुंदके देऊन रडली. काल शोक गाताना जे रडणं आलं नव्हतं ते आता आलं, आणि पाणी ओसरलं तरी तिनं हात काढला नाही.

दामेली आईशेजारी येऊन बसली. "आपा, सोड. याकोव उद्या बूच आणतोय. सिंक परत इथंच बसवून देईल म्हणाला, तासाभराचं काम आहे."

"इथं नाही. डावीकडे."

"डावीकडे? अगं, खिडकीखाली चरबी गोठेल. तूच म्हणायचीस."

"गोठू दे. गरम पाणी ओतत जाईन."

"उंच होईल तुला."

"फळी ठोकून घेईन पायाखाली."

दामेलीनं मोकळ्या भिंतीकडे बघितलं. "मग इथं काय ठेवायचं?"

"काही नाही. इथं काही ठेवायचं नाही."

"अख्खी भिंत रिकामी? कशाला?"

कामशातनं तळहात शेजारच्या मोकळ्या जमिनीवर ठेवला, तोलेगेन होता तिथं. मग तिनं लेकीकडे बघितलं, आणि दामेलीच्या चेहऱ्यावर हळूहळू समज आली.

"अपशकुनी बोलू नको, आपा," ती म्हणाली आणि घाईघाईनं डाव्या खांद्यावरून मागे तीनदा थुंकली.

"मी कुठे काय बोलले," कामशात म्हणाली. तिनं ओला हात झग्याला पुसला. "बाबांच्या पेटीत पाणसळीची नळी आहे, ती काढ. रेघ मी पुसून टाकलीय, परत मारावी लागेल. दुसरं टोक तू धर."